निळा बगळा आणि मास्तर

पाखराच्या रंगावरही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. भिंगारला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. मी त्यांना मास्तरच म्हणतो. वेगळ्या रंगाचं पाखरू दिसलं की मास्तर भरल्या ताटावरून उठणार, आणि रंग अंगचा की लागलेला याचा निकाल लागेपर्यंत परत बसणार नाहीत. भिंगारच्या बाजारात पांढरा कावळा आला तेव्हा बायका त्याला हात जोडत होत्या. मास्तर मध्ये उभे राहून सांगत होते, "अहो, देव नाही तो. पिसांत काळा रंग भरायचाच राहिलाय." एक भाजीवाली म्हणाली, "तुमच्या केसात बी राहिलाय जनू!" तर तिला गंभीरपणे, "नाही, माझा होता, गेला." पाथर्डीकडे गुलाबी चिमण्या दिसल्याचं कळलं, तर भर उन्हात जीपला लोंबकळत गेले. जत्रा नुकतीच झालेली, पालखीच्या वाटेवर गुलालाचा थर, आणि चिमण्या त्यात मातीत लोळाव्यात तशा लोळत होत्या. परतले ते स्वतःही गुलाबी होऊन. दारातूनच ओरडले, "ताई, लागलेला रंग!"

इथवर मलाही मजा वाटायची. पण सुप्याला माझं पिंपांचं आवार आहे. कारखान्यांतली रंगाची रिकामी पिंपं घ्यायची, धुवायची, धुण्याचं पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचं, पिंपं विकायची. एका पिंपापासून सुरुवात केली, कुणाचा हात धरून वर आलो नाही. त्या दिवशी पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी तासभर पटवत होतो, की आमच्या धुण्याच्या पाण्याचा कुणाला काडीचा त्रास नाही. सौदा जुळतच आला होता, एवढ्यात मास्तर निळं पीस नाचवत आत आले.

"दाजी, मागच्या शेतात लंगडा बगळा आहे ना, तो निळा झालाय! पाय निळे, पोट निळं, पाठ पांढरी. म्हणजे पाण्यात उभा राहून लागलेला. आणि हा निळा तुमच्या खड्ड्यातला!"

गिऱ्हाईक खड्डा बघून आलं आणि गाडीत बसलं. मी मास्तरांना नको नको ते बोललो. "आता पिंपं काय बगळ्याला विकू?"

"तो चोचीनं पिसं साफ करतो, दाजी. रंग पोटात जातो. नवी पिसं येईपर्यंत जगला तर जगला."

तो सौदा मी अजून विसरलेलो नाही. खड्डा बुजवला, झाकणाची टाकी बांधली, तीही चिडूनच.

आता शुगरनं मास्तरांची नजर नेली. रंग कळत नाहीत. दर रविवारी येऊन उपड्या पिंपावर शेताकडे तोंड करून बसतात. परवा लंगडा अगदी जवळ आला.

"दाजी, पांढरा झाला का?"

"दुधासारखा."

"पिंपं विकताना बोलता तसं नको. नीट बघून सांगा."

मी चष्मा पुसला. "पोटाला एक पीस निळं आहे."

"ताजं का जुनं?"

"विटलेलं आहे. जुनंच."

"मग गळेल," मास्तर म्हणाले, आणि कितीतरी वेळ हसत बसले.

ते पीस गळलं की मास्तरांना इकडे यायला निमित्त काय उरणार? गळू दे. मी काही त्यांना लगेच सांगणार नाही.