सेटल झालास का?

पळसदेवला हायवेवर पुण्याची एसटी थांबली, तेव्हा आईनं हातावर दही ठेवलं आणि आबा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "सेटल झालास की कळव." नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरी लागली, लग्न झालं की पोरगा सेटल, हे तोवर आमच्या शेतकऱ्यांच्याही तोंडी बसलं होतं. पुण्याला इंजिनिअर होऊन मी अमेरिकेला निघालो होतो.

तिथं पाणी शुद्ध करण्याच्या प्लँटवर लागलो. टाकीतला गाळ तळाशी बसला की तो सेटल झाला म्हणायचे. भांडण मिटलं, तेही सेटल. दुसऱ्याच्या मुलखात जाऊन वस्ती केली, ते सेटलर. एका शब्दाचे संसार तरी किती! एका रविवारी लायब्ररीत जाडजूड डिक्शनरी उघडली, तर मुळाशी साधाच अर्थ निघाला: बसायची जागा. आबांची अशी आठवण आली की पुढचं वाचवेना.

आबांची बसायची जागा पाण्याखाली होती. उजनी धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा मी आईच्या कडेवर. नव्या गावठाणात घर झालं, तरी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आबा भाकरी बांधून घेत आणि जुन्या घराच्या उघड्या पडलेल्या जोत्यावर बसून जेवून येत. बरीच म्हातारी माणसं असंच करत. आबा फोनवर म्हणायचे, "येकदा उन्हाळ्यात ये. आपलं जोतं दावतो. माझ्यामागं कोण दावंल तुला?" पण उन्हाळ्यात रजा मिळायची नाही, आणि मिळाली त्या वर्षी पाणी हटलं नाही.

आई आधी गेली, मग आबा. पुढच्याच उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलं. मी आलो. जुनं देऊळ ओळखलं, पुढं नुसती जोती, सगळी सारखीच, गाळानं माखलेली. पाण्यावर चिडलो, रजेवर चिडलो, त्या झकास नोकरीवर चिडलो. दमून एका जोत्याच्या कडेला बसलो आणि मोठ्यानं रडलो.

त्याच जोत्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी फडकं सोडून जेवत होती. "कुणाचा रं तू?" मी आबांचं नाव सांगितलं. "तुमची आळी वरच्या अंगाला व्हती. घर कंचं, ते न्हाय बाबा सांगता यायचं."

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, घर कुठं असं कुणी विचारलं की मला आता ती म्हातारीच आठवते. मी उठायला लागलो, तशी तिनं अर्धी भाकरी पुढं केली.

"हे जोतं आमचं हाय. पर तू बस."