तेल प्यालेल्या फळ्या

झुलालला तापीची भीती कधी वाटली नाही. भीती एकाच माणसाची, थोरल्या बहिणीची. आई गेल्यावर पुष्पाअक्कानंच त्याला वाढवलं, बदडलंही तिनंच. लग्न होऊन ती नदीपल्याड गेली, तरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याच्याच नावेत बसून माहेरी यायची.

गेल्या आखाजीला नावेच्या तोंडाशी, जिथून लोक चढतात त्या फळ्यांच्या पाटावर तिनं पाय ठेवला आणि सर्रकन गेली. मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालताना ती एवढंच बोलली, "झुलाल, आते मी तुन्हा नावमा पाय ठेवाव नही."

भाऊबीजेलाही आली नाही. पुलावरून दोन एसट्या बदलून यायचं तर येता आलं असतं. पण अक्का ती अक्का. झुलालनं त्या दिवशी ताट तसंच सरकवलं.

लोक म्हणायचे, ही शिडाची जुनी नाव मोडून टाक, मोटारीची घे. झुलाल म्हणायचा, "तुन्हा बापले मोडी टाक पहिले." नाव त्याच्या बापाच्या हातची होती. बास.

होळीच्या आधी त्यानं पाटाला साधा रंग दिला आणि पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर नदीची वाळू टाकली. पंधरा दिवसांत सगळा रंग पापडासारखा सुटून हातात आला. झुलाल डोकं धरून बसला. मग त्यानं फळीला नाक लावलं आणि त्याला उमगलं. दरवर्षी पावसाळा सरला की सरकीचं तेल गरम करून नावेला पाजायचं, ही बापाची रीत. त्यातही पहिलं तेल पाटाला, भरपूर. तीस वर्षं तेल प्यालेल्या लाकडाला रंग धरणार कसा? आणि अक्काचा पाय तरी?

तो अमळनेरला गेला. रंगाच्या दुकानात ज्योत्स्नाताई बसतात. त्यांनी दोन डबे एकत्र मिसळून लावायचा रंग काढला आणि नमुन्याची एक फळी पुढं केली. "हा जाड खडीवाला घ्या भाऊ. बुटाला घट्ट पकड बसते."

झुलालनं चप्पल काढली आणि भर दुकानात फळीवर पाय घासला. "ताई, हे तर साल काढील! आमच्या नावेत चप्पल हातात घेऊन चढतात. बूट घालून कोण चढलं तर मी पाण्यात ढकलतो."

"मग रंग हाच न्या, वाळू तुमची बारीक चाळून टाका. पण आधी तेल काढा, नाहीतर माझ्या नावानं ओरडत याल."

मग सोडा आणि उकळतं पाणी. पहिल्याच दिवशी तीनदा घासलं. आठ दिवस उन्हात तापवलं, पॉलिश पेपर मारला. रोज तो पाटावर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला की शिवी द्यायचा आणि पुन्हा घासायचा. नवव्या दिवशी थेंब लाकडात जिरला. झुलाल पोरासारखा ओरडला.

वाळू चाळायला त्यानं बायकोची पिठाची चाळणी उचलली.

"मन्ही चाळणी!" पूनम धावत आली. "भाकरीमा रेती खाशी का आते?"

"अक्का उनी ना, तर रेतीबी खासू."

 दुसरी चाळणीही मग पूनमनंच आणून दिली.

रंग, त्यावर वाळू. वाळल्यावर सुटी वाळू झाडली आणि वरून रंगाचा पातळ हात मारला.

आखाजीच्या सकाळी तो पल्याड गेला. निरोप धाडला होता, उत्तर आलं नव्हतं. काठावर अक्का उभी होती, चप्पल हातात. त्यानं नाव काठाला लावली.

"पाणी टाक वर," ती म्हणाली. त्यानं पाटावर बादली ओतली. "आते तू चाल." तो चालला. "उडी मार." पन्नाशीतल्या झुलालनं उड्या मारल्या. काठावरची माणसं खिदळली.

अक्कानं पदर खोचला. एक पाय ठेवला, दाबला. मग दुसरा.

"खरखरं शे," ती म्हणाली. "पन टोचत नही." आणि जाऊन आपल्या जुन्या जागी बसली. "दखस काय? हाक नाव. पूनमनी पुरणना मांडा करेल व्हतीन."

झुलालला असं हसू फुटलं की शिडाची दोरी दोनदा हातातून सुटली. अक्का शिव्या देत होती, आणि तो नुसता हो हो म्हणत होता.