खालच्या हटवर राहिलेला डबा

निघायच्या आदल्या संध्याकाळी मिलिंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ऑफिसातून फोन आला. साइटवर मशीन बंद पडलं होतं आणि त्याची सुट्टी गेली होती. "तुम्ही दोघी जाऊन या ना," असं तो म्हणाला, जणू आम्ही मंडईत निघालो होतो.

ही २००७ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे न्युरेम्बर्गला आल्या होत्या आणि परतीचं विमान आठ दिवसांवर आलं होतं. तोपर्यंत त्यांना मी तीन राजवाडे आणि असंख्य चर्चेस दाखवली होती. त्यांचं मागणं मात्र आल्यापासून एकच होतं, "मला डोंगरात राहायचंय." मी मुळात काळजीखोर. त्यात सासूबाईंचं वय त्रेसष्ट, मधुमेहाची गोळी रोज सकाळी, आणि मी एकटी त्यांना घेऊन आल्प्समध्ये. रद्द करू या का, हे शब्द माझ्या ओठांवर आले तेव्हा त्या नवे बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारत होत्या.

"सैल करतेय," त्या म्हणाल्या. "रोज पर्वती चढते मी. बघू तरी तुमचे डोंगर काय आहेत ते."

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती आधीच देते. आल्प्समध्ये चालणाऱ्यांच्या मुक्कामासाठी ठिकठिकाणी लाकडी घरं असतात. जर्मनमध्ये त्यांना ह्युट्टं म्हणतात, आम्ही घरी सरळ हट म्हणतो. फोन करून जागा सांगून ठेवायची आणि बेत बदलला तर नक्की कळवायचं, नाहीतर तिथले लोक तुम्ही वाटेत अडकलात असं धरून चालतात. (ही माहिती मला फार आवडली. आपली काळजी करणारं कोणीतरी आहे, हे कळलं की मला बरं वाटतं.) रोख पैसे न्यायचे, कार्ड चालत नाही. पांघरूण ते देतात, पण आत घालायची चादरीची पिशवी आपली. आणि बूट दाराशी, बुटांच्या खोलीत काढून आत सपाता घालायच्या. हा नियम सासूबाईंना एकदम पटला. "म्हणजे पायताण बाहेर काढतात? मग सुधारलेत हो हे लोक," त्या म्हणाल्या.

न्युरेम्बर्गहून आल्प्सच्या पायथ्याच्या ओबर्स्टडोर्फला बायर्न तिकिटावर जावं. पंचविसेक युरोंत दोघीच काय, पाच जणं दिवसभर बव्हेरियात कुठेही फिरू शकतात. मात्र आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर निघावं लागतं आणि साध्या गाड्याच घ्याव्या लागतात, त्यामुळे पोचेपर्यंत दुपार टळते. आउग्सबुर्गला गाडी बदलताना आम्ही कॉफी घेतली. सासूबाईंनी बशीतल्या साखरेच्या पुड्या उचलून जॅकेटच्या खिशात टाकल्या.

"अहो आई, नका ना. लोक बघतायत."

"कॉफीबरोबर दिलीय ना त्यांनी? मी बिनसाखरेची पिते. म्हणजे ही साखर माझीच राहिली." पुढे ओबर्स्टडोर्फच्या बेकरीत त्यांनी हाच न्याय पुन्हा लावला आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

ओबर्स्टडोर्फहून दक्षिणेच्या दरीत बस जाते. पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे बसमधून उतरलं की नदीचा आवाज आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा, एवढंच ऐकू येतं. तासभर सपाट चालून आम्ही खालच्या हटवर पोचलो. जेवायला बटाट्याचं सूप आणि पाव होता. झोपायला एका लांबलचक फळीवर ओळीने गाद्या होत्या. सासूबाईंच्या शेजारी स्टुटगार्टचे एक आजोबा आले. त्यांनी वाकून "गुटन आबेंड" म्हटलं, यांनी नमस्कार केला, आणि दोघंही पाठ फिरवून गाढ झोपले. मी तेवढी जागी, उद्याच्या चढाचा विचार करत.

सकाळी दाराजवळच्या फळ्यावर हवामान लिहिलं होतं, दुपारपासून धुकं आणि पाऊस. वरच्या हटची पाटी अडीच तास दाखवत होती. इथे पाटीवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात.

"कोणाचे अडीच तास?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि त्याने माझी काळजी दुप्पट झाली. आपण निदान हलकं तरी होऊ या म्हणून मी त्यांची सॅक उपसली. जादा स्वेटर, टॉर्च, आणि कापडात बांधलेला एक स्टीलचा डबा.

"यात काय आहे आई?"

"काही नाही गं. खाऊ."

"वर सगळं मिळतं. गुडघ्यांवर उगाच वजन नको. उद्या याच वाटेने यायचंय, तेव्हा घेऊ."

त्यांनी कापडाची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "बरं, ठेव." मी डबा बुटांच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. न्याहारीला त्यांनी नुसती दूध घातलेली कॉफी घेतली. एवढ्या सकाळी मला नाही जात, असं म्हणाल्या. माझं अर्धं लक्ष ढगांकडे होतं.

पहिला तास मजेत गेला. वाट गाईंच्या कुरणातून वळणं घेत चढते, प्रत्येक वळणावर लाल-पांढरा पट्टा रंगवलेला असतो, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. सासूबाई माझ्या पुढे होत्या. मग त्या माझ्याबरोबर आल्या, मग मागे पडल्या. धुकं फळ्यावरच्या वेळेची वाट न बघता आलं आणि बघता बघता पुढचा पट्टा दिसेनासा झाला. मी मागे वळले तर त्या एका दगडावर बसलेल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि हवा एवढी गार की माझे हात बधिर झाले होते.

"आई, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुषमा, गॅस बंद केलास का?"

सुषमा त्यांची धाकटी बहीण. ती कोल्हापुरात असते. मी मोबाइल काढला, त्यावर एकही रेघ नव्हती. वर तासाभराची वाट, खाली तासाभराची, आणि यांना एकटं ठेवून कुठेच जाता येत नव्हतं. मी दोनदा मोठ्याने "हालो" म्हणून ओरडले. उत्तरादाखल कुठेतरी एक घंटा वाजली, ती गाईची होती. मिलिंदला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी त्यांचे हात हातात घेतले. ते थरथरत होते. हे हृदयाचं नाही, एवढं त्या थरथरीने मला सुचलं.

"आई, सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली की." बऱ्याच वेळाने, जड जिभेने त्या पुढे म्हणाल्या, "आज संकष्टी आहे गं."

गोळी घेतली होती आणि पोटात कॉफीपलीकडे काही नव्हतं, म्हणजे रक्तातली साखर उतरली होती. मी सॅक उलटी केली. ब्रेझेल, म्हणजे इथला गाठ मारलेला खारा पाव, चीजचं सँडविच, उकडलेली अंडी. मी ब्रेझेल पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. धड माणूस ओळखता येत नव्हतं, पण उपास मोडायचा नाही हे पक्कं होतं.

"मग उपासाचं काय आणलंत तुम्ही?"

"डबा होता ना," त्या म्हणाल्या. "राजगिऱ्याच्या वड्या. तू ठेवलास खाली."

रडायला वेळ नव्हता. तेवढ्यात मला त्यांच्या खिशाची आठवण झाली. मी त्यांच्या जॅकेटमध्ये हात घातला आणि आउग्सबुर्गच्या, ओबर्स्टडोर्फच्या सगळ्या पुड्या मुठीत आल्या. एक फाडून त्यांच्या तोंडाशी नेली.

"आई, साखर आहे. साखर उपासाला चालते."

त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं. मग दुसरी, मग तिसरी. वर पाणी पाजलं. मी त्यांना अंगाशी टेकवून घेऊन बसले आणि मनात मंगलमूर्तीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. अखेरीस त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मुक्ता, तू एवढं घट्ट धरलंयस की मला श्वास घेता येत नाहीये."

माझं नाव ऐकून मला हुंदका फुटला.

पुढची वाट आम्ही दर वळणावर बसत, उरलेल्या पुड्या खात चढलो. "मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू ट्रिप रद्द केली असतीस," त्या म्हणाल्या. हे खरंच होतं. "आणि मिलिंद पहिल्यांदा विमानात बसला ना, तेव्हापासूनच्या चतुर्थ्या आहेत या. एकही मोडली नाही. त्याला काही बोलू नकोस."

वरच्या हटची मालकीण एप्रनला हात पुसत बाहेर आली. आमच्याकडे बघून तिने आधी दोघींना चुलीजवळ बसवलं, मग नावं विचारली. पीठ नको, कांदा नको, पाव नको, असं मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगत गेले. "आल्झो, कार्टोफेल्न," ती म्हणाली आणि उकडलेले बटाटे, लोणी, मीठ आणि ताज्या चक्क्याचा वाडगा पुढे ठेवला. सासूबाईंनी चक्का चाखून मान डोलावली. मी मात्र दर पाच मिनिटांनी त्यांना माझं नाव विचारत होते.

पावणेसहाच्या सुमारास रात्रीच्या जेवणाची ताटं मांडायला सुरुवात झाली. खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. इथला चंद्र झोपायच्या वेळेला उगवणार, आणि तोही दिसेल तर शपथ. हे जेवण सोडलं तर पुन्हा काही मिळणार नाही, म्हणून माझा जीव पुन्हा वरखाली.

"पुण्यात किती वाजले?" सासूबाईंनी विचारलं.

"सव्वानऊ."

"मग झाला की चंद्रोदय. माझं कॅलेंडर पुण्याचं आहे." त्यांनी खिडकीतल्या धुक्याला हात जोडले, मीही जोडले, आणि त्या पाव तोडून सूपमध्ये बुडवू लागल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईने आम्ही कोणाला नमस्कार केला म्हणून वळून पाहिलं. तिला काहीच दिसलं नसणार.

दुसऱ्या दिवशी न्याहारी माझ्या देखत झाली, मग गोळी, मग बूट. आकाश धुऊन काढल्यासारखं होतं आणि आदल्या दिवशी न दिसलेले सगळे डोंगर उभे होते. ज्या दगडावर आम्ही बसलो होतो त्याच्यामागे निळ्या फुलांचा अख्खा उतार होता. सासूबाई तिथे थांबून फोटो काढून घेत होत्या, मला त्या दगडाकडे बघवत नव्हतं. खालच्या हटवर डबा फळीवर जसाच्या तसा होता. नदीकाठी बसून आम्ही वड्या खाल्ल्या. अर्ध्या त्यांनी मला दिल्या.

घरी मिलिंदने विचारलं, "कसा झाला ट्रेक?"

"मस्त," सासूबाई म्हणाल्या. "हिने काळजी फार केली." मी चार दिवस गप्प बसले. मग विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी त्यांनीच त्याला सगळं सांगितलं, आणि वर, तिला ओरडू नकोस म्हणून बजावलं.

जावं का या हटवर? जरूर जावं. डोंगर अप्रतिम आहेत, चक्का त्याहून. मला स्वतःला मात्र डोंगर कमी आठवतात. आता आमच्या स्वयंपाकघरातही पुण्याचं कॅलेंडर आहे आणि त्यात मी आधी चतुर्थी बघते. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवसाची गोळी ठरवून घेतली आहे, आणि त्या दिवशी त्या मला फोन करतात. काय खाल्लं ते सांगतात.

या महिन्यात फोन आला नाही. मी जिथे नोकरी करते त्या लॅबमध्ये हातातलं काम सोडून बसले. फोनकार्डाचे आकडे दोनदा चुकले. घरी कोणी उचलेना. सुषमामावशींनाही काही माहीत नव्हतं. कोटाच्या खिशात हात घालून मी येरझाऱ्या घालत होते आणि बोटांना पुड्या लागत होत्या, कँटीनमधल्या. हल्ली मीही उचलते. शेवटी त्यांचाच फोन आला.

"अगं, पर्वतीवर गेले होते. घाबरलीस का?"

"आई, खाल्लंत का काही?"

"खाल्लं. डबा होता बरोबर," त्या म्हणाल्या. "इथे कोणी काढून ठेवत नाही."