मुराळी न आलेल्या पोरीची वाट

त्या वर्षी आखाजीला मला न्यायला भाऊ आला नाही. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आम्हा खान्देशातल्या लेकींची माहेरची हक्काची सुट्टी. आणि न्यायला येतो तो मुराळी. "रजा मिळत नाही," एवढंच पोस्टकार्ड आलं. मी दोन दिवस फुगून बसले. शेवटी अशोकने, माझ्या नवऱ्याने, तोडगा काढला. त्याच्या मित्राचे वडील, नाना, यावलला राहायचे. त्यांच्यासोबत सातपुड्यात दिवसभर हिंडून येऊ म्हणाला. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट.

जाणार असाल तर जळगावहून सकाळची पहिली एसटी धरा. यावलपर्यंत केळीच्या बागा, गारेगार वाटतं. त्यावर विसंबू नका. डोंगर लागला की ऊन पाठ सोडत नाही. माणशी दोन वॉटरबॅगा हव्यात. आम्ही शहाणे, तिघांत दोन घेऊन निघालो.

नाना सत्तरीचे, मूळचे पारोळ्याकडचे. चालता चालता त्यांनी गोष्ट काढली. "आखाजी ऊनी, मुराळी काही ऊना नही. मंग पोर एकलीच माहेरले निंघनी." मुराळी 'ऊना नही', आला नाही, म्हणजे ही तर माझीच गोष्ट. प्रत्येक खुणेपाशी गोष्ट पुढे सरके. या धोंड्यावर ती बसली, त्या वाकड्या सालईच्या झाडापाशी तिची बांगडी फुटली. अशोक कंटाळून पुढे निघून गेला होता.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ल्यावर अशोकने उरलेल्या पाण्याने खुशाल हात-तोंड धुतलं. नाना सांगत होते, "पुढे नाला फुटस. तठे पोरले लई रडू ऊनं..."

"नाना, गोष्ट राहू द्या. पाणी किती लांब आहे ते सांगा," अशोक मध्येच म्हणाला.

"तेच सांगी ऱ्हायनू ना, भाऊ," म्हणून नाना उठून चालू लागले. गोष्ट तिथेच तुटली.

तासाभराने ते मटकन खाली बसले. अंग तापलेलं, जीभ अडखळत होती. अशोकने त्यांना सावलीत ओढलं आणि उपरण्याने वारा घालू लागला. गोष्ट फक्त मी ऐकली होती, म्हणून रिकाम्या वॉटरबॅगा घेऊन पाण्याला मीच निघाले.

नाला खरंच दोन फाट्यांत फुटला. उजवीकडे रुंद, उघडी वाळू आणि बैलगाडीची चाकोरी. डावीकडे अरुंद घळ. कुठे वळायचं, हे ऐकायचंच राहिलं होतं. नानांचं काही झालं तर? मग मनात म्हटलं, ती पोर मीच आहे. मला रडायचंय. गाडीवाटेवर चारचौघांत कशी रडेन? आडोसा शोधेन.

डावीकडे वळले. वळणावर हिरवागार उंबर होता. त्याखाली वाळू हाताने उकरली, कोपरभर खाली ओल लागली, मग झिरा भरू लागला. मी तिथेच रडले.

मी भरून आणलेलं पाणी घोटाघोटाने पोटात गेल्यावर नाना उठून बसले. मी डावीकडे का वळले ते ऐकून म्हणाले, "मन्ही गोष्टमा ती नुसती उंबरखाल बसनी. कसाले, ते मालेबी म्हाईत नव्हतं."

जळगावला परतल्यावर ओरखडलेली बोटं आठवड्यात बरी झाली. रानात वाट चुकू नये म्हणून कुणीतरी ही पोर रचली असेल, हे मला फार उशिरा कळलं. अशोक आता कुठेही गेला की आधी तिथली गोष्ट विचारतो.

पुढच्या वर्षी भावाचं पुन्हा तसंच पोस्टकार्ड आलं. आखाजीच्या चार दिवस आधी दार वाजलं. धुतलेलं धोतर नेसून, हातात पिशवी घेऊन नाना उभे होते.

"चाल पोरी, मुराळी ऊना शे."