चूक माझीसुद्धा, पाक

बू तुमिराहची, म्हणजे तुमिराहबाईची, मोटरसायकल फटफटत आली की जावा बेटावरच्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. मागच्या दोन टोपल्यांत कांगकुंगच्या पालेभाजीच्या जुड्या, सोयाबीनच्या टेंपेच्या वड्या, मिरच्या, सुकी मासळी; आणि तोंडात गावभरच्या बातम्या. नवरा गेल्यावर ती या टोपल्यांवरच जगली, कुणापुढे हात पसरला नाही. दूर बाताम बेटावर कारखान्यात असलेला मुलगा ‘माझ्याकडे ये’ म्हणायचा. ही म्हणायची, "तिथे येऊन काय तुझ्या भिंती बघत बसू?"

एका सकाळी ती वातेसच्या बाजारातून भाजी भरून सरळ रस्त्याने येत होती. फरशीच्या दुकानाची पिकअप गल्लीतून सुसाट बाहेर आली आणि तिच्या अंगावर गेली. उजवी नडगी मोडली, मोटरसायकलचा पुढचा भाग चेपला आणि टोमॅटोंचा रस्त्यावर चिखल झाला. पिकअप दुकानाचे मालक पाक वर्दोयो, म्हणजे वर्दोयोराव, स्वतः चालवत होते. माणूस वाईट नव्हता. तिला उचलून त्यांनीच दवाखान्यात नेलं आणि दिवसभर ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दवाखान्याचं बिल सरकारी अपघात निधीतून भागलं.

ती घरी आल्यावर ते भेटायला आले. साखर, चहापत्ती, बिस्किटांचा डबा, सोबत बायको आणि वाडीप्रमुख पाक गिमिन. सगळं रीतसर. चटईवर बसून त्यांनी मान खाली घातली. "बू, मला माफ करा. चूक माझीच."

आता अशा वेळी काय बोलायचं ते जावामधल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. घरी आलेल्या माणसाची मान खाली ठेवायची नसते. तुमिराह प्लॅस्टरमधल्या पायासकट पुढे सरकली. "छे छे, पाक, असं काय बोलता! चूक माझीसुद्धा. मीच नीट बघितलं नाही. माझं नशीब, दुसरं काय!"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चहा झाला, बिस्किटं झाली. दारातल्या शेजारणी म्हणाल्या, किती मोठ्या मनाची बाई!

मोठं मन घेऊन बाई घरी बसली. प्लॅस्टर निघालं तेव्हा कळलं की हाड वाकडं जुळलंय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडून बसवावं लागेल, नाहीतर पायाला जोर यायचा नाही आणि गाडी चालवता यायची नाही. सरकारी निधी तर पहिल्याच खेपेला संपला होता. उरला होता तो पिकअपचा विमा. तो मिळाला तर पाय आणि गाडी दोन्ही उभी राहणार होती. नाही मिळाला तर गाडी भंगारात घालायची आणि बाताम गाठायचं.

विम्याचा माणूस आला तो सुमात्रा बेटावरचा, बाताक जमातीचा. पाक सिनागा. आवाज दणदणीत आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. त्याने आधी शेजाऱ्यांकडे चौकशी केली होती आणि सगळ्यांनी अगदी खरं तेच सांगितलं होतं.

"तुम्हीच म्हणालात ना, चूक तुमची?"

"म्हणाले. पण ते म्हणायचं असतं, पाक."

"म्हणायचं असतं म्हणजे? चूक होती की नव्हती?"

"नव्हती."

"मग म्हणालात कशाला?"

तुमिराहला वाटलं, आपली माणसं असती तर हा प्रश्नच निघाला नसता. सिनागाने कपाळावर हात मारला. "अहो, माझ्या गावात कुणी असं म्हणालं, तर आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवतो! मंगळवारी गावकचेरीत या, वर्दोयोही येतील. त्यांच्या तोंडावर काय ते सांगा. पण पुन्हा ‘माझीसुद्धा’ म्हणालात, तर मला काही करता येणार नाही."

तुमिराहची नणंद पार्तिनी फटकळ. तिने सराव घ्यायला सुरुवात केली. भाताचा चमचा हातात घेऊन ती समोर बसली आणि मान खाली घालून म्हणाली, "बू, माफ करा. चूक माझीच."

"छे छे, चूक माझीसु..."

"अगं मेले! पाय मोडला तरी जीभ तिथंच घसरते तुझी!"

"तू मान नको ना खाली घालू. बघवत नाही."

"मग काय मंगळवारी तो छाती काढून येणार आहे?"

दोघी हसल्या. पण त्या रात्री तुमिराहला झोप लागली नाही. तिला वर्दोयोंची भीती नव्हती. सगळ्यांदेखत एका माणसाला चुकीचा ठरवायचा म्हणजे आपलेच कपडे फेडल्यासारखं तिला वाटत होतं.

मंगळवारी गावकचेरीत गोड चहाचे पेले मांडलेले होते. ‘घ्या’ म्हटल्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. तुमिराह कुबडी टेकत पार्तिनीसोबत आली. पाक गिमिन मधे, सिनागा कोपऱ्यात, समोर वर्दोयो आणि त्यांची बायको. वर्दोयोंनी रिवाजाप्रमाणे मान खाली घातली आणि रिवाजाप्रमाणेच म्हणाले, "बू, माफ करा. चूक माझीच."

सगळे तिच्या उत्तराची वाट बघत राहिले. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. तिच्याही ओठांवर ते आलं होतं. पार्तिनीने मागून तिच्या पाठीला चिमटा काढला.

"हो," तुमिराह म्हणाली. "तुमचीच. मी माझ्या रस्त्याने चालले होते. माझी काही चूक नव्हती."

 पाक गिमिन पेल्यातल्या चहाकडे बघत बसले.  शरमेने तुमिराहला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

वर्दोयोंनी मान वर केली. चेहरा उतरला होता, पण त्यावर राग नव्हता. "मी फोन बघत होतो," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचा निरोप आला होता. रस्त्याकडे माझं लक्षच नव्हतं."

कुणालाच हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या बायकोलाही नाही. ती नवऱ्याकडे वळून बघतच राहिली.

"मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत, पाक?" तुमिराहने डोळे पुसत विचारलं. "माझ्या चटईवर बसला होतात ना?"

"तेच सांगायला आलो होतो, बू," वर्दोयो म्हणाले. "सुरुवातही केली होती. पण तुम्ही लगेच म्हणालात, चूक तुमचीसुद्धा. मग मला सोपं झालं."