खालच्या काकांची लाल वाईन

लेक उठंना. तोंडावर पानी मारलं, तळपाय चोळलं, तरी डोळं उघडंना, आन माज्या तोंडाला त्या लाल वाईनीचा वास. सासूबाईंनी माजं तोंड हुंगलं. म्हनल्या, हिला माहेरी मैंदर्गीला धाडा, पोरगी हितंच ठेवा. मग इचारलं, "कुनी दिली?"

मी म्हनलं, "खालच्या काकांनी."

काका खालच्या खोलीत एकलेच ऱ्हायचे. सारा जलम जहाजावर सैपाक करन्यात गेलेला. मी त्यांच्या भाकरी थापायची, सात म्हैन्याची लेक तितंच गोधडीवर लोळायची. त्यांची मुलगी इटलीची वाईन आनून द्यायची, गोल पोटाची बाटली, खालून गवतानं इनलेली. ताट वाढलं की काका चहाच्या काचेच्या ग्लासात दोन बोटं वतायचे, खिडकीकडं धरून रंग बगायचे आन ठेवून द्यायचे. आदी घास, मग घोट.

"पोरी, ही नुसती प्यायची न्हाय. ही जेवनाची हाय. तिकडं बंदरावरचे हमालबी जेवताना घेत्यात."

लई हलकी म्हनून तर भाकरीची चव मारत न्हाय, म्हनायचे. मटनाच्या रश्श्यासंगं बरी, शेंगाचटनीसंगं त्याहून बरी. कारळाच्या चटनीला मातर तोंड वाकडं करायचे. "ह्या दोगींचं पटत न्हाय बग."

त्या दिशी मीच म्हनलं, बगू की घोटभर. काका न्हाय म्हनले, अंगावर पाजतीस तू. दोनदा न्हाय म्हनले. मी हसत हसत ग्लास उचलला आन प्याले. कच्च्या जांभळागत, आंबट-तुरट. काका रागावले. मग जरा येळानं हळूच इचारलं, "कशी लागली?" कशाची चव मला कशी लागली, आमच्या घरात कुनी कदी इचारलं न्हाय हो.

वर आले, लेकीला पाजलं, ती झोपली ती झोपलीच.

दवाखान्याच्या दारात रिक्षातनं उतरताना उठली आन भोंगा पसरला. डाक्टरीन म्हनल्या काय न्हाय झालं, सकाळी लस टोचली, रडून दमली, झोपली. मी तितंच खाली बसले.

परत आलो तर काकांच्या दारात सारी गल्ली. म्हातारा बायांना दारू पाजतो, म्हनं. माज्या नवऱ्यानं त्यांची कॉलर धरलेली, घरमालक खोली खाली करा म्हनत हुता. काकांनी माज्याकडं बगितलं. मी लेकीवर पदर वढला आन मान खाली घातली.

"व्हय," काका म्हनले, "मीच दिली. तिला काय म्हाईत न्हवतं."

चौथ्या दिशी खोली सोडली. जायच्या आदी जिना चढून आमच्या दारात आले. सासूबाईंनी दार लावून घेतलं. काकांनी भायेरनं इचारलं, "लेक बरी हाय का?" मी दाराला चिकटून उबी हुते, लेक कडेवर. त्यांच्या चपला जिना उतरताना आईकल्या.

मुलीकडं गेले की कुटं, कुनाला म्हाईत न्हाय. इचारायचं तरी कुन्या तोंडानं? एक दार उघडायचं हुतं, 'मीच घेतली' एवढा एक शबुद बोलायचा हुता, आन मला माहेरी धाडलं असतं, लेक कडेवरनं गेली असती. तुमी सांगा, तुमी उघडलं असतं का?