दीक्षा आणि शिक्षा
आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार लोकांनी वाचावं असं लिहिण्याइतका मी मोठा नाही, तरी लिहितो, सांभाळून घ्या. आज होस्टेलवर कुणीतरी नीळ घालून पांढरा सदरा पिळला आणि त्या वासाने मला घाटंजीजवळच्या बहिणीच्या अंगणात नेलं. धम्मचक्र प्रवर्तन दिन तीन दिवसांवर होता, दोरीवर पांढऱ्या साड्या वाळत होत्या. पाचवीतली भाची अजून अक्षरं जुळवत वाचायची. भाऊजींनी बजावलं होतं, त्या दिवशी विहारात एक पान वाचलं तर शाळा, नाही तर सरळ कापूस वेचायला. म्हणून त्या दिवसाचीच गोष्ट मी ठळक अक्षरांत लिहिली: “नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली. त्यात तुझे पणजोबा होते.” ती बोट ठेवून वाचायची, “शिक्षा घेतली.” दहादा सुधारल्यावर तिने विचारलं, “मामा, पणजोबाले शिक्षा काहून? काय केलतं त्यायनं?” बहीण हसली, “घ्या मास्तर, सांगा आता!” मला मात्र उरलेले तीनच दिवस दिसत होते. अर्थ सांगायचा सोडून मी ओरडलो, “तोंड बंद कर, नुसतं वाच!” दुसऱ्या दिवशी परीक्षेसाठी मी यवतमाळला परतलो. पुढे कितीतरी दिवस बहिणीचा फोन लागेना. लागला तेव्हा मागे बायांचा गलका होता. ती म्हणाली, “विहारात चांगली वाचत होती रे. त्या एका शब्दावर आली अन् मंग तोंडच उघडेना. इथंच हाये, वावरात. बोलतं का तिच्याशी?”